धडधडीचा हिशेब: सणसर ते पुणे

छातीत अचानक धडधडायला लागलं की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी पाणी, मग पंखा, मग पित्ताची गोळी. अर्ध्या-पाऊण तासात धडधड आपसूक थांबते. दुसऱ्या दिवशी बारामती गाठून ईसीजीची ‘पट्टी’ काढली तर ती नॉर्मल. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा बारामती. मग टू-डी इको होतो, स्ट्रेस टेस्ट होते, थायरॉईड तपासून होतं, घरचे फारच घाबरले तर अँजिओग्राफीही उरकते. पंधरा-वीस हजार जातात आणि आजाराला नाव मिळत नाही.

यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. अँजिओग्राफी रक्तवाहिनीतला अडथळा दाखवते, इको झडपा आणि स्नायू दाखवतो. ठोक्यांची लय मात्र ईसीजीच दाखवतो, तोही ती बिघडलेली असताना. धडधड थांबल्यावर काढलेल्या पट्टीत कधीकधी मागे राहिलेली खूण सापडते, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा पैसे वाचवणारा पहिला सल्ला असा: धडधड चालू असताना जो दवाखाना सगळ्यात आधी लागेल तिथे ईसीजी काढा. त्या वेळी हार्टचा डॉक्टर नसला तरी चालतो, मशीन हवं. खासगीत या पट्टीला साधारण दोनशे ते चारशे रुपये पडतात. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत; १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, तिथे थोडे का होईना पैसे भरावे लागतात.

सणसरकरांची अडचण वेगळी. गाव इंदापूर तालुक्यात, पण बाजार, कॉलेज आणि दवाखाना बारामतीला. गाडी काढून, काटेवाडी ओलांडून बारामतीत पोचेपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढ्यात धडधड थांबलेली असते. म्हणून ठणठणीत असतानाच एक चौकशी करून ठेवा: सणसर, भवानीनगर, जंक्शन या पट्ट्यात ईसीजीचं मशीन कुणाकडे आहे, ते चालू आहे का, आणि रात्री आठनंतर दार कोण उघडतं. फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसरला मुक्कामाला येते तेव्हा गावात आरोग्य पथकं असतात. साठीपुढच्यांनी त्या दिवशी माउलींना चहा पाजता पाजता स्वतःची नाडीही दाखवून घ्यायला हरकत नाही.

पट्टीचा कागद

ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. उन्हात, गाडीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षभर पडला की रेघा फिकट होत जातात. कुणी हौसेने लॅमिनेशन करून आणतो आणि मशिनीच्या गरमीने सगळा कागद काळा पडतो. पट्टी हातात आली की तिथेच चांगल्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा, झेरॉक्स काढा, मागे तारीख, वेळ आणि ‘धडधड चालू होती’ एवढं लिहा. पुढे पुण्याचा तज्ज्ञ हाच कागद आधी मागतो.

तो कागद थोडाफार वाचताही येतो. मशीनमधून तो सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये जितके मोठे चौकोन, त्याने ३०० ला भागलं की मिनिटाचे ठोके निघतात. दोन चौकोन असतील तर दीडशे, सहा असतील तर पन्नास. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके ६० ते १०० असतात. टोकांमधलं अंतर दरवेळी वेगळं दिसत असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, पण नेमकी तीच गोष्ट डॉक्टरला सांगण्याजोगी असते.

घरी नाडी बघायची तर अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय अनियमित नाडीत दगा देते. दीड-दोन हजारांच्या बऱ्याच बीपी मशीनवर अनियमित ठोक्याची खूण उमटते. ती वारंवार दिसली तर ईसीजी काढावा. हातावरच्या साध्या फिटनेस पट्ट्यावर विसंबून औषध सुरू करू नये. ईसीजी काढणारी घड्याळं चांगली असतात, पण त्यांची किंमत बघता आधी दोनशे रुपयांची पट्टी काढलेली बरी.

होल्टर कधी, कधी नाही

पट्टीत काही सापडलं नाही की होल्टर सुचवला जातो. छातीला तारा चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. खर्च साधारण दोन ते साडेचार हजार. इथेच ग्राहक म्हणून एक प्रश्न विचारायचा: माझी धडधड रोज होत नाही, महिन्यातून एकदा होते, मग चोवीस तासांत ती सापडणार कशी? रोज किंवा दिवसाआड त्रास होत असेल तर होल्टर योग्य. आठवड्यातून एकदा होत असेल तर आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस लावायच्या पॅचची चौकशी करा. तो महाग आहे, पण दोनदा होल्टर रिकामा येण्यापेक्षा बरा. वर्षातून दोनदा कारण नसताना चक्कर येऊन पडणाऱ्यासाठी त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो. त्याला लाखाच्या आसपास किंवा वर खर्च येतो, तो तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय नाही. होल्टर लावलेल्या दिवशी घरी पडून राहू नका. शेतात जा, जिना चढा, नेहमीसारखा चहा घ्या आणि त्रास कधी झाला ते घड्याळ बघून लिहा. त्या टिपणाशिवाय रिपोर्टचं मोल अर्धं होतं.

सोबतच्या तपासण्या थोड्याच हव्यात. टू-डी इको एकदा (साधारण दीड ते तीन हजार), थायरॉईडचं टीएसएच, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं पोटॅशियम. थायरॉईड वाढलेला किंवा रक्त फार कमी असेल तर धडधडीचं मूळ तिथेच सापडतं आणि पुढचा लाखाचा विषयच संपतो. छातीत दुखत नसताना, निव्वळ धडधडीसाठी कुणी थेट अँजिओग्राफी सांगितली तर ‘कशासाठी?’ विचारायला लाजू नका.

आजार वेगळा, बिल वेगळं

मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं, घशाशी गचका बसणं हे बहुतेक वेळा जादा ठोके असतात. इको चांगला असेल आणि होल्टरमध्ये त्यांची संख्या फार नसेल तर यावर औषधही लागत नाही. खर्च: एक पट्टी, एक इको आणि मनाची समजूत. जागरण, दारू, तंबाखू, एनर्जी ड्रिंक कमी केलं की बऱ्याच जणांचं भागतं.

दुसरा प्रकार तरुण माणसांत, विशेषतः बायकांत बराच दिसतो आणि ‘टेन्शन’ म्हणून सगळ्यात जास्त वाया जातो. एका क्षणात धडधड सुरू, ठोके दीडशे-दोनशे, आणि तशीच एका क्षणात बंद. डॉक्टर याला एसव्हीटी म्हणतात. हृदयात विजेचा एक जादा रस्ता असतो, त्यात लाट गोल फिरत राहते. सुनेला घाबरायची सवय आहे, असं घरचे म्हणत राहतात आणि अशी बाई दहा-दहा वर्षं काढते. ही धडधड मोडण्याची एक युक्ती दहा रुपयांत होते. अर्धवट बसलेल्या रुग्णाने दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद फुंकायचं. लगेच त्याला आडवं करून दुसऱ्याने पाय ४५ अंशांत उचलून पंधरा सेकंद धरायचे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत या पद्धतीने शंभरातल्या ४३ जणांची लय पूर्ववत झाली, जुन्या नुसत्या कुंथण्याने १७ जणांची. आजाराचं निदान झाल्यावर डॉक्टरकडून एकदा शिकून घ्या आणि मगच घरी करा. याने थांबलं नाही तर दवाखान्यात अडेनोसिनचं इंजेक्शन मिळतं. ते देताना काही सेकंद छाती दाबल्यासारखी वाटते आणि जीव जातोय असा भास होतो. आधी कुणी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

एसव्हीटी कायमची घालवता येते. मांडीच्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेऊन तो जादा रस्ता शोधतात आणि जाळतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. नेहमीच्या प्रकारांत यशाचं प्रमाण शेकडा ९५ च्या आसपास आहे. क्वचित एखाद्याचा मुख्य रस्ताच दुखावतो आणि पेसमेकर बसवावा लागतो, हेही सही करण्याआधी विचारून घ्या. पुण्यात खासगीत साधारण एक ते पावणेदोन लाख. कोटेशनमध्ये ‘थ्री-डी मॅपिंग’ असेल तर आकडा बराच वर जातो. साध्या एसव्हीटीत ते दरवेळी लागत नाही, तेव्हा ते का लागणार हे विचारा. हे काम करणारा डॉक्टर नुसता हार्टचा असून भागत नाही, तो इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट हवा. त्यासाठी बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते.

तिसरा प्रकार उतारवयातला आणि खिशाला सगळ्यात जड, कारण तो अनेकदा मुकाट असतो. एट्रियल फिब्रिलेशन, एएफ. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशेच्या वर विस्कळीत लाटा उठतात. मधली गाठ नीरा डाव्या कालव्यावरच्या दारासारखी त्यातलं थोडंच खाली सोडते, तेही बेशिस्तीने. नाडी कुठल्याच ठेक्यात बसत नाही. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्याला लकव्याचा धोका सुमारे पाचपट. यावर रक्त पातळ करणारी गोळी लागते की नाही ते वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा यांचे गुण मांडून ठरतं. त्या जागी ‘अ‍ॅस्पिरिन घेतो ना’ चालत नाही.

गोळीचा हिशेब सणसरहून करताना नुसती गोळीची किंमत धरू नका. जुनी गोळी, म्हणजे अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरिन, महिन्याला दोन-तीनशे रुपयांत येते. पण तिच्याबरोबर आयएनआर ही रक्ततपासणी लागते: सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर महिन्याला. दरवेळी तीन-चारशे रुपये, बारामतीची फेरी आणि बुडालेला रोज. आयएनआर बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. नव्या गोळ्या, अपिक्साबान, डाबिगाट्रान वगैरे, महिन्याला सातशे ते दोन हजार, पण आयएनआर नाही. त्यांची पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांचा माल आला, किमती उतरल्या. जनऔषधी दुकानात आधी विचारा. बेरीज केली तर बऱ्याच घरांना नवी गोळीच स्वस्त पडते. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बदलतो, म्हणून क्रिएटिनिन वर्षातून एक-दोनदा.

एक अपवाद आपल्याकडे फार महत्त्वाचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यातून झडप अरुंद झाली आणि पुढे एएफ झालं, असे रुग्ण ग्रामीण महाराष्ट्रात अजून दिसतात. त्यांना आणि धातूची झडप बसवलेल्यांना जुनीच गोळी लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, झडपेच्या आजारात जुनी गोळी नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षा सरस ठरली. स्वस्ताईच्या नादात किंवा फेरी टाळायला मेडिकलवाल्याकडून अदलाबदल करू नका. जुन्या गोळीवर मेथी-पालक बंद करायची नसते, एक आठवडा रोज भाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करायचं नसतं. दात काढायचा आहे म्हणून स्वतःच गोळी थांबवणं तर नकोच.

चौथा प्रकार उलटा: ठोके मंदावतात. नाडी ३५-४०, चालताना अंधारी, उभ्याने पडणं. पूर्ण हार्ट ब्लॉक असेल तर गोळीवर काम भागत नाही, पेसमेकर लागतो. एका तारेचा साधारण एक ते दोन लाखांत बसतो, दोन तारांचा दोन ते चार लाखांत. एमआरआय चालणारं मॉडेल आणखी महाग. कायमचं एएफ असून नाडी मंद असेल तर एक तार पुरते. वरचे कप्पे नीट चालू असतील तर दोन तारांचा फायदा असतो, पण अंथरुणाला खिळलेल्या पंचाऐंशीच्या आजोबांसाठी तो खर्च गरजेचा आहे का, हे डॉक्टरशी बोलण्यासारखं आहे. बॅटरी आठ ते बारा वर्षं चालते, मग वरचा डबा बदलतात. तो दुसरा खर्च आजच धरून ठेवा. बसवण्याआधी सीलबंद खोका आणि त्यावरची एमआरपी बघा. खोक्यावरचं स्टिकर फाईलमध्ये लावून घ्या. वैद्यकीय उपकरणांची एमआरपी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा नियम आहे.

हा खर्च किती जणांना न परवडणारा आहे याची एक मुंबईची गोष्ट. २००४ नंतरच्या काही वर्षांत वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या नातेवाइकांनी दिलेले पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरजू रुग्णांना बसवले होते. त्याचा अभ्यासही पुढे प्रसिद्ध झाला. आता सणसरच्या माणसाला तिथवर जायची गरज नाही, कारण सरकारी योजना आहे; तिचं पुढे.

दुष्ट ठोके खालच्या कप्प्यातून येत असतील, विशेषतः जुन्या हार्ट अटॅकनंतर, तर झटका देणारं आयसीडी नावाचं यंत्र लागतं. साडेतीन लाखांपासून पुढे. हा रुग्ण बेशुद्ध पडल्यावर घरच्यांनी पित्ताची गोळी शोधत बसू नये. १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब.

पैसे कुठून

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्डसुद्धा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच. पेसमेकर आणि अ‍ॅब्लेशन योजनेत बसतात, मात्र त्या आजाराची सोय असलेल्या अंगीकृत रुग्णालयातच. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यावर उसाच्या हंगामात येणाऱ्या तोड-कामगारांनाही बीड-नगरच्या रेशनकार्डावर इथे उपचार मिळतात. टोळीच्या मुकादमाला हे माहीत असणं गरजेचं, कार्ड गावी पेटीत ठेवून येऊ नये.

योजनेतल्या तीन खाचा लक्षात घ्या. ईसीजी, होल्टर यासारख्या दाखल न होता केलेल्या तपासण्या आपल्याच खिशातून. मंजुरी आधी, शस्त्रक्रिया नंतर. ‘तातडीचं आहे, आत्ता भरा, मग मिळतील’ असं कुणी म्हटलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, तातडीत फोनवरही मंजुरीची सोय आहे. आणि महागडं मॉडेल हवं म्हणून वरचे पैसे मागितले तर ते लेखी मागा. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२००.

योजनेत काही बसलं नाही तर पुण्यातली धर्मादाय रुग्णालयं. त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकाला निम्म्या दराने द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि सणसरकरांची गल्लत इथेच होते: उपचार बारामती-पुण्यात, दाखला मात्र इंदापूर तहसीलचा. तो दोन-तीन दिवसांत हातात पडेल असं धरून चालू नका. घरात हार्टचा रुग्ण असेल तर दाखला दरवर्षी काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर थेट बिलिंगला न जाता समाजसेवकाचा टेबल विचारा.

खासगी विमा असेल तर दोन गोष्टी. नुसत्या तपासणीसाठी दाखल झाल्यास दावा बहुधा फेटाळतात, म्हणून होल्टरसाठी ‘अ‍ॅडमिट दाखवू’ या सल्ल्याला भुलू नका. आणि आधीपासून असलेल्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं. धडधडीची जुनी पट्टी लपवली तर पुढे तीच दाव्याआड येते. कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. रुग्णालयाने दुपारी दोनला मंजुरी मागितली आणि कंपनीने ती रात्री नऊला दिली, तर त्या वाढीव तासांचे पैसे तुमचे नाहीत.

पेसमेकर बसवून परतल्यावर साधारण महिनाभर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पोतं उचलायचं नाही. मोटर चालू करायला हरकत नाही. वेल्डिंग मशीनपासून मात्र लांब राहा, मोबाईल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा, वरच्या खिशात ठेवू नका. मॉडेल नंबरचं कार्ड पाकिटात असू द्या. पहिल्या तपासणीची तारीख, ती कंपनीचा माणूस करणार की डॉक्टर, आणि तिचे पैसे किती, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेऊनच पुण्याहून गाडीत बसा.